माल निघाला

मगनने रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला. धुळ्याच्या लाइनवर खरखर होती, आणि त्या खरखरीत तिथल्या देवपूर शाखेतल्या झुलालचा आवाज.

“मगनभाऊ, काल कम्प्युटरवर ‘माल निघाला’ असं उनं. मी वाट दखत ऱ्हायनू. गाडी उनी, माल नही उना.”

“काय मागवलं होतं?”

“साप चावाना इंजेक्शन. कापूस येचनारी भागाबाई. वाचनी, पन हात कापना पडना.”

शांतीलाल शेठच्या औषधांच्या पेढीचं गोदाम जळगावात होतं. तिथला आणि धुळ्याचा कम्प्युटर टेलिफोनच्या तारेने एकमेकांना निरोप देत. प्रोग्रॅम गोदामात बसणाऱ्या मगनचाच. माल नसला, गाडी चुकली, काहीही अडलं, की अडल्याचं कारण धुळ्याच्या पडद्यावर लाल अक्षरांत उमटायचं. ‘नाही’ वेळेवर कळलं की झुलाल दुसरीकडे धावायचा.

मगनने प्रोग्रॅम उघडला. त्याच्या ओळी गायब होत्या. त्यांच्या जागी कुणीतरी एकच सोय केली होती: काहीही अडो, धुळ्याला निरोप जायचा, ‘माल निघाला’.

पिण्याच्या पाण्याच्या माठात मेलेली पाल दिसावी, तसं त्याला झालं.

तो विचारायला गेला, तेव्हा शेठ गादीवर केळं सोलत होते.

“भाच्याकडून बदलून घेतलं मी,” ते म्हणाले. “सारखं लाल, सारखं नाही. गिऱ्हाईक बिचकतं. हो म्हणून ठेवायचं, माल मागाहून जातोच.”

“शेठ, त्या बाईचा हात गेला.”

“जीव वाचला ना?” शेठने साल टोपलीत टाकली. “बरं, टेलिफोनची लाइन खराब होती, असं काही दाखवता येईल का त्यात?”

त्यांच्या ओठाच्या कोपऱ्याला केळ्याचा गर चिकटला होता. मगनला तिथून नजर हलवता येईना, आणि पाहवतही नव्हतं.

तो जाऊन कम्प्युटरपुढे बसला. भाच्याच्या ओळी त्याने पुसल्या, स्वतःच्या पुन्हा लिहिल्या. थोड्या वेळाने शेठ मागे येऊन उभे राहिले. पडद्यावरचं त्यांना वाचता येत नव्हतं.

“भाच्याचं तसंच राहू दे हां. लाइनीचं तेवढं घाल. घातलंस?”

“घातलं,” मगन म्हणाला.

शेठने त्याच्या पाठीवर थोपटलं. हात चिकट होता.

पुढच्या आठवड्यात झुलालचा फोन आला.

“भाऊ, आज लाल अक्षरमा ‘माल नही’ उनं. मी लगेच दुसरा दुकानवरतून इंजेक्शन लई उनू. पेशंट बरा शे.”

गादीवरून शेठने हाक दिली, “काय म्हणतो धुळेवाला?”

मगनने रिसीव्हरवर तळवा ठेवला.

“माल पोहोचला म्हणतो.”

शेठने समाधानाने मान डोलावली. मगन मागच्या दारी नळावर गेला. त्याने चूळ भरली, थुंकली, आणि पुन्हा ओंजळ नळाखाली धरली.