भाड्यानं दिलेला बीट

मी बीट बोलतोय. गाण्याखाली जो ताल-सूर वाजतो ना, तेवढाच मी. मला शब्द नाहीत, गळा नाही. कोणी माझ्यावर गायलं तर मी गाणं, नाहीतर नुसती आदळआपट.

आदळआपट उगाच नाही म्हणत. वेंगुर्ल्याच्या विनीतानं मला घडवलं तेच मारझोडीतून. काजू फोडायच्या यंत्राचा खटका, सुरमईच्या मानेवर पडणारा कोयता, धक्क्यावर आपटणारी लाट, सगळं तिनं फोनवर टिपलं आणि कॉम्प्युटरवर बसून मला रचलं. त्यामुळे स्वभाव तापट. मी वाजायला लागलो की ऐकणाऱ्याची मूठ आपोआप वळते.

विनीता आपल्या वेबसाइटवरून मला भाड्यानं द्यायची. करार साधा होता. वर्षभर माझ्यावर गा, स्टेजवर वाजवा. मालकी मात्र तिची, आणि तिला वाटेल तितक्या गायकांना मला देता येईल.

पहिला आला कट्टा गावचा धनेश. हा गडी गातो बरा, पण पोटासाठी हापूसच्या बागा हंगामापुरत्या कराराने घेतो. बागेचा रिवाज कडक. एकदा करार झाला की मालकालासुद्धा फांदीला हात लावता येत नाही, आणि परका दिसला तर आधी दांडका, मग चौकशी. धनेशनं मलाही तसंच घेतलं. 'मान्य'वर बोट दाबलं आणि मिशीवर ताव दिला. माणसं आंबा हुंगून घेतील, करार मात्र डोळे मिटून.

मग विनीताच्याच गावच्या सुशांतनं मला रीतसर घेतलं. त्यानं माझ्यावर आपल्या आईवरचं गाणं रचलं. खरं सांगू? त्याचा गळा माझ्यावर चढला तेव्हा मला पहिल्यांदा शांत वाटलं.

कसालला एका मंडळाचा कार्यक्रम होता. सुशांत स्टेजवर, आणि पुढचा नंबर धनेशचा. मी वाजायला लागलो तशी धनेशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाजूला उभा असलेला माइकचा लोखंडी स्टँड उचलून तो स्टेजवर चढला.

"माजो बीट आसा तो! खंयसून चोरलंस?"

पहिला घाव जबड्यावर. कडकन आवाज झाला. सुशांत खाली पडला तरी हा मारतच राहिला, खांद्यावर, बरगड्यांवर, पुन्हा तोंडावर. आणि घाव नेमके माझ्या ठोक्यावर पडत होते. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. शिट्ट्या वाजल्या! सुशांतच्या तोंडातून रक्त आणि दात बाहेर आले तेव्हा कुठे कोणीतरी मला बंद केलं. मला माझीच किळस आली.

पोलीस ठाण्यात विनीता धनेशसमोर उभी राहिली.

"अरे, बाग न्हय ती! ह्यो बीट मी धा जणांक देव शकतंय. करारात लिवलेला आसा. सुशांतानय माज्याकडसूनच घेतल्यान."

धनेशनं विचारलं, "मगे मी तेका कित्याक मारलंय?"

सुशांतचा जबडा तारांनी बांधलाय. डॉक्टर म्हणतात, बोलेल. गाण्याचं सांगता येत नाही. विनीतानं मला वेबसाइटवरून काढलं, पण आधीचे करार चालूच. त्यात मारामारीबद्दल एक ओळ नाही. माझ्यावर गायचा हक्क धनेशला अजून आहे, सुशांतलाही आहे.

जामिनावर सुटल्यावर धनेश सुशांतच्या घरी माफी मागायला गेला. सुशांत खाटेवर बसला होता. त्याची आई रुक्मिणी पुढे आली. तिनं लेकाचा फोन घेतला, मला लावलं आणि धनेशच्या थोबाडीत दिली.

"गा! माज्या झिलाचा गाणा गा. तोंड तुजा धड आसा मा?"

धनेशनं तोंड उघडलं. आवाज फुटेना. सुशांतनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मी शेवटपर्यंत रिकामाच वाजलो. संपलो तशी तिनं मला पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि पुन्हा हात उगारला. "गा!"

ती अजून लावतेय. धनेशचा गाल सुजलाय, ओठ फुटलाय, तो हलत नाही. अरे, गा रे कोणीतरी! नाहीतर त्या माउलीचा हात तरी धरा. मला आपलं आपण थांबता येत नाही.