उजेड हितं, धूर तितं

मी डिझेलवर चालणारा जनरेटर बोलतोय. दचकू नका, आता माझा भडभडाट होत नाही. निरवांगीत केसरबाईंच्या पोल्ट्रीमागं, लिंबाखाली पडून मी स्वप्नं बघतो.

ही खोड जुनीच. पोटात डिझेल गेलं की मला एक समुद्र दिसायचा, माणूस जन्मायच्या कितीतरी आधीचा. त्यातले बारीक जीव ऊन खाऊन वाढले, गाळात गाडले गेले आणि त्यांचंच पुढं तेल झालं म्हणे. म्हणजे मी जाळायचो ते जुनं ऊनच की! बल्ब पेटला की वाटायचं, किती युगांनी बाहेर आलं बिचारं.

आधी मी बारामतीत होतो. दोन चाकांच्या गाड्यावर बसवून मला लग्नाच्या मांडवांमागं उभं करत. नवरा-नवरीचे फोटो माझ्या उजेडात निघायचे, पण माझ्याकडं बघून सगळे नाकाला रुमाल लावायचे. "लांब ठेवा रे ते!" माणसांची गंमतच आहे.

पंच्याण्णवच्या हिवाळ्यात नानांनी मला निरवांगीला आणलं. त्यांच्या बायकोनं, केसरबाईंनी, जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपलं होतं. आता पहिल्यांदाच स्वतःचं शेड, स्वतःची पिल्लं. "ही बॅच जगू दे, मग खुरपं खुंटीला," असं त्या म्हणायच्या. पिवळी पिल्लं बल्बच्या उबेला बिलगून असत. वीज गेली की गारठायची. आणि वीज तर कधीही जायची.

नानांनी मला थेट शेडातच घेतलं. म्हणाले, "पौषाची थंडी हाय. जनावर कुणी उघड्यावर बांधतं व्हय?"

मला इतकं बरं वाटलं! आजवर कुणी आत बोलावलंच नव्हतं.

त्याच दिवशी दिवेलागणीला वीज गेली. नानांनी हँडल मारून मला चालू केलं, बारदानाचे पडदे घट्ट सोडले आणि ते कळंबला डिझेल आणायला गेले. मी माझ्या समुद्रात रमलो. चिवचिवाट कमी झाला, तेव्हा वाटलं, उबेनं झोपली असतील.

केसरबाई दारातच ठसकल्या. "अगं बया! पिल्लांनी माना टाकल्या की!"

त्यांची सून तेजश्री धावत आली. "आत्या, बंद करा आधी ते!"

"बंद केलं तर गारठून जातील गं. पडदं वर कर अन् वड गाडा भाईर! वायर लांब हाय."

पदर नाकाला लावून दोघींनी मला चालू असतानाच लिंबाखाली ओढलं. बल्ब विझू दिले नाहीत. धूर निघून गेल्यावर पडदे पुन्हा सोडले.

"उजेड हितं, धूर तितं," खोकत खोकत केसरबाई म्हणाल्या. ओंजळभर पिल्लं उठली नाहीत. ती उचलताना त्या रडल्या. बाकीची जगली आणि खुरपं खरंच खुंटीला गेलं.

पण तितं म्हणजे कुठं हो? लिंबाची माझ्याकडची पानं काळी पडली. रोज मला चालू करता करता केसरबाईंना लागलेला खोकला अजून गेला नाही.

आता तारेतली वीज बरी टिकते. ती लांब कुठंतरी कोळसा जाळून येते म्हणतात. तिथल्या धुराड्याजवळही एखादा लिंब असेल, एखादी केसरबाई असेल.

काल माझ्या गाड्याखाली एक गावरान कोंबडी खुडूक बसली. तिच्या पोटाखाली अंडी उबतायत, थेंबभर डिझेल नाही की धूर नाही. मी हलत नाही, तिची झोपमोड नको.

वीज गेली तर बोलवा मला, मी नाही म्हणणार नाही. फक्त ओढून कुठं नेणार, कुणाच्या दाराशी ठेवणार, तेवढं आधी सांगा.