बिनलेबलाची बॅटरी

पप्पांसाठी फुप्फुस मिळालंय, असा चेन्नईच्या हॉस्पिटलातून सकाळी साडेनऊला फोन आला, तेव्हा मी चाकणला कंपनीत बॅटऱ्यांवर लेबलं लावत होतो. माझं कामच ते. स्कूटरची बॅटरी बांधून झाली, की तिची ताकद किती वॉट-अवर, ते छापलेलं लेबल लावायचं. लेबल वाकडं दिसलं तरी मी माल परत पाठवतो. लाइनवरची पोरं मला ‘लेबलभाऊ’ म्हणतात.

संध्याकाळी सहापर्यंत पोहोचायचं होतं. नाहीतर फुप्फुस यादीतल्या पुढच्या माणसाला. भोसरीच्या फाउंड्रीत तीस वर्षं वाळूची धूळ खाल्लेल्या माझ्या बापाला असा फोन पुन्हा येईल, याची आशा डॉक्टरांनीच ठेवली नव्हती.

घरी चऱ्होलीला जाऊन पप्पांना घेतलं आणि बाराच्या आत लोहगाव विमानतळ गाठला. पप्पांच्या नाकात नळी, माझ्या खांद्याला ऑक्सिजनचं मशीन. मशीनची मूळ बॅटरी म्हातारी झालेली, चाळीस मिनिटांत मान टाकायची. नवी मागवा, असं माझी बायको मिनल दोनदा म्हणाली होती. मीच ऐटीत म्हणालो, “घरात कारागीर असताना बाहेरची कशाला?” आणि स्वतः बांधली. तीन तास चालायची. पप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, “आमच्या धम्मरत्नने केलीय.”

काउंटरवरच्या मुलीने ती बॅटरी उलटसुलट करून पाहिली. “सर, वॉट-अवर कुठे लिहिलेत?”

“नव्वद आहेत, मॅडम. विमानातल्या शंभराच्या मर्यादेच्या आत. मीच बनवलीय.”

“म्हणूनच विचारतेय. छापलेलं काहीच नाही. ही केबिनमध्ये चालत नाही, सामानात तर नाहीच. आणि प्रवासाच्या दीडपट वेळ पुरेल एवढी बॅटरी असल्याशिवाय पेशंटला आम्ही बसवू शकत नाही.”

मी खिशातलं पेन काढलं. “लिहून देतो ना आत्ता.”

तिने बॅटरी माझ्याकडे परत सरकवली. माझं मलाच ऐकवेना. अशी बॅटरी माझ्यासमोर आली असती, तर मी एवढं ऐकूनही घेतलं नसतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मीच.

तिचे साहेब आले. त्यांनीही तेच सांगितलं, हात जोडून. विमान कंपनीचा ऑक्सिजन हवा तर दोन दिवस आधी कळवायला हवं. गाडीने जावं तर वीस तास. मी पाया पडायला वाकलो, तर ते मागे सरले.

तेवढ्यात हॉस्पिटलचा फोन आला. निघालात का, असं विचारत होते. पप्पांनी फोन माझ्या हातातून घेतला.

“न्हाई जमत साहेब,” ते धापा टाकत म्हणाले. “पुढच्याला बोलवा. त्याला... लवकर सांगा.”

फोन परत देताना त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मला सोसलं असतं.

परतताना विश्रांतवाडीला दीड तास ट्रॅफिकमध्ये अडकलो. मशीन एकदाही कुरकुरलं नाही. “बघ,” पप्पा म्हणाले, “चालतीय की नाही?”

एकोणीस दिवसांनी ते गेले. तेव्हाही मशीन चालूच होतं. ते मला बंद करावं लागलं.