अकरा महिन्यांचा आवाज

मी एक जुना, छोटा संगणक आहे, मित्रांनो. पत्त्याच्या पानाएवढा हिरवा बोर्ड; ना पडदा, ना कीबोर्ड. हिंजवडीतल्या एका ऑफिसच्या खणात माझी दोन वर्षं फुकट गेली. मग तिथे काम करणाऱ्या सलिलदादाने मला धायरीला आणलं आणि आपल्या चुलतबहिणीच्या, वल्लरीच्या हातावर ठेवलं.

"घ्या, नववीतल्या शास्त्रज्ञबाई. जमलं तर बघा, नाहीतर पेपरवेट करा."

पेपरवेट! वल्लरी अशी चिडली की अख्खी दिवाळीची सुट्टी तिने माझ्यावर घालवली. आयतं लिनक्स, म्हणजे मला चालवणारी प्रणाली, माझ्यासाठी फार जड, म्हणून मला लागेल तेवढंच निवडून तिने लॅपटॉपवर माझं वेगळं लिनक्स बांधलं. एकेका बांधणीला दोन-दोन तास. चूक निघाली की पुन्हा पहिल्यापासून. मग ते नखाएवढ्या कार्डावर उतरवायचं, कार्ड माझ्या खाचेत सारायचं आणि श्वास रोखून बसायचं. एकोणिसाव्या खेपेला माझा दिवा लुकलुकला. सात सेकंदांत मी जागा! तिने घरभर उड्या मारल्या.

हे सगळं होतं तिच्या आजोबांसाठी. श्रीनिवास आजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होते. आता हात थरथरायचा, त्यामुळे रोजनिशी सुटली होती, आणि आठवणीही एकेक करून निसटत होत्या. "आठवतंय तोवर सांगून ठेवतो," ते म्हणाले. म्हणून वल्लरीने मला माइक आणि एक लाल बटण जोडलं. रोज संध्याकाळी चहा झाला की आजोबा बटण दाबून बोलायचे आणि मी ते कार्डावर ठेवायचो. अकरा महिने! एवढा मान मला कधीच मिळाला नव्हता. ऐकायला मात्र कुणाला सवड नव्हती. "आहे की कार्डात, सावकाश ऐकू," सगळे म्हणायचे.

मग शाळेचं विज्ञान प्रदर्शन आलं. माझ्या सात सेकंदांभोवती ही गर्दी!

"परत दाखव ना!" वल्लरीची मैत्रीण पूर्वा ओरडली.

मला बंद करताना दिवा विझेपर्यंत विजेची वायर काढायची नाही, हा वल्लरीचाच नियम. पण टाळ्या वाजत असताना कोण थांबतं? तिने वायर उपटली, लावली, पुन्हा उपटली. चौथ्यांदा मी उठलोच नाही. परीक्षक दोन टेबलं पलीकडे आले होते.

"आता गं?"

"थांब, पाच मिनिटांत परत टाकते."

लॅपटॉपवर माझं लिनक्स तयारच होतं. तिने कार्ड अख्खं पुसलं आणि लिनक्स त्यावर पुन्हा उतरवलं. मला ओरडता आलं असतं तर! आजोबाही त्याच कार्डावर होते.

सात सेकंदांत मी उठलो. पहिलं बक्षीस मिळालं.

संध्याकाळी आजोबा म्हणाले, "वल्ली, कालचं जरा ऐकव." माझ्यातून काहीच आलं नाही.

रविवारी सलिलदादाने कार्ड तपासलं. "नुसती वायर उपटलीस तेव्हा बहुतेक वाचलं असतं गं. पुसलंस, तिथे गेलं."

वल्लरी रडायला लागली. आजोबा म्हणाले, "रडतेस काय? निम्म्या तर दूधवाल्याच्या तक्रारी होत्या." पण पुढे दोन महिने त्यांनी बटणाला हात लावला नाही. माझ्यावर धूळ बसली.

आता माझं लिनक्स कार्डावर आणि आवाज वेगळ्या पेन ड्राइव्हवर. दर रविवारी वल्लरी त्याची प्रत काढणार. सगळं कसं चोख, पण उशिरा. आजोबा त्या अकरा महिन्यांत काय बोलले, हे मला विचारू नका, मित्रांनो. जे कार्डावर नाही, ते माझ्यात नाही. एवढंच सांगतो: काहीही पुसण्याआधी त्यावर कोण आहे ते बघा. आणि जे आत्ता बोलतायत, त्यांचं आत्ताच ऐका.

परवा आजोबा आपणहून माझ्यासमोर येऊन बसले. बटण दाबलं.

"हां. तर खडकीचं आणि आमच्या लग्नाचं मी मागे सगळं सांगितलंच आहे. ते आता परत नको."

"आजोबा, परत सांगा ना," दारातून वल्लरी हळूच म्हणाली.

"अगं, आहे ना ह्यात! तिथून ऐक की."

वल्लरी येऊन त्यांच्याजवळ ऐकायला बसली. मी इमानाने सगळं लिहून घेतलं. माझ्याकडे आजोबांचं सगळ्यात जुनं वाक्य आता तेच आहे.