चोळलेलं कोपर आणि मी

मी कोन मोजायची पट्टी. ओळखलं नाहीत ना? नसेल ओळखलं तर बरंच आहे, माझी गाठ पडावी असं कुणाच्या नशिबी नसो. प्लास्टिकच्या दोन पट्ट्या, मधे एक खिळा, खिळ्याभोवती आकड्यांचं चाक, एवढाच माझा संसार. एक पट्टी दंडावर, दुसरी मनगटाकडे, खिळा बरोबर कोपरावर. हात किती वाकला ते मी सांगते.

साच्यातून निघाले ती थेट बाईंच्या खिशात आले. हाडांच्या दवाखान्यातल्या मागच्या खोलीत बाई लोकांकडून व्यायाम करून घेत. एक पलंग, एक बाक आणि कण्हणारी माणसं. "व्यायाम केलात का?" विचारलं की जो तो म्हणे, "रोज!" मग मला लावलं की पितळ उघडं.

एक न्हावी आला. दुकानातला आरसा पुसताना स्टुलावरून पडला, हात टेकला आणि कोपर निखळलं. डॉक्टरांनी सांधा जागेवर बसवला, हाडाचा फोटो काढून खात्री केली, थोडे दिवस प्लास्टर ठेवलं आणि त्याला इकडे पाठवलं. सोबत त्याची आई.

"वस्तरा धरता येईल ना?" त्याने पहिल्यांदा हेच विचारलं.

"येईल. पण हात तुमचा तुम्ही हलवायचा," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याने ओढायचा नाही, चोळायचा तर मुळीच नाही. कोपर मानी असतं, जबरदस्ती केली की रुसतं."

आई बाकावर बसून ऐकत होती. गल्लीतल्या पोराबाळांचे मुरगळलेले हातपाय तिनेच चोळून सरळ केले होते. तिला कुठली परकी बाई शिकवणार?

सुरुवातीला मी आनंदात होते. दर खेपेला हात आणखी वाकायचा. न्हावी थट्टेत म्हणायचा, "बाई, बोहनी तुमच्या नवऱ्याच्या दाढीने करतो."

"आधी स्वतःची करा, अस्वल झालंय," बाई म्हणायच्या.

मग हात थांबला. मग माझा आकडा मागे फिरला. कोपराच्या पुढच्या बाजूला गरम, कडक गोळा लागायला लागला. बाईंनी विचारलं, "घरी कुणी चोळतं का?"

न्हाव्याने बाकाकडे पाहिलं. "नाही हो."

मला तोंड असतं तर! पण मुकी वस्तू मी, आकडा सोडून काय बोलणार?

एके दिवशी तो घाईत, हात न धुताच आला. बाईंनी मला दंडावर ठेवलं आणि मी घसरले. पुन्हा ठेवलं, पुन्हा घसरले. बाईंनी बोटं नाकाशी नेली. तेल!

"मावशी, हात चोळता का याचा?"

"चोळत नाही तर काय शोकेसमध्ये ठेवू?" आई उसळली. "आखडलेला हात आपोआप सुटतो होय? रोज चोळते, वरून ओढतेही. ओरडतो बिचारा. पण तो ओरडला की मला वाटतं, सुटतंय."

"बाई, तिला काही बोलू नका," न्हावी पुटपुटला. "मायेने करते ती."

बाईंनी नवा फोटो काढून आणला, खिडकीच्या उजेडात धरला. जिथे नुसतं मांस असायला हवं, तिथे ढगासारखं पांढरं काहीतरी उतरलं होतं.

"दुखावलेल्या मांसात हाड धरलंय, मावशी. चोळून चोळून."

आईने फोटोकडे पाहिलं, मग आपल्या दोन्ही तळव्यांकडे.

चोळणं बंद झालं. गोळ्या झाल्या, विश्रांती झाली, पुढे बेताचा व्यायामही. डॉक्टर म्हणाले, हे हाड पिकू द्या, वाढायचं थांबू द्या, मग ऑपरेशनचं बघू. पण हात पूर्ववत होईलच असं नाही. न्हावी मान हलवून हसला. "म्हणजे कोपराला गूळ."

शेवटच्या खेपेला बाई म्हणाल्या, "हात तोंडाकडे न्या." हात काटकोनाशी येऊन अडला. बोटं आणि ओठ यांच्यामधे वीतभर अंतर राहिलं. आई सवयीने पुढे झाली, तिचे हात उठले, आणि मधेच थांबले. मग तिने ते आपल्या मांडीखाली दाबून धरले. तो परत कधी आला नाही. बाकावरचे लोक सांगत, दुकानात आता दुसराच माणूस कात्री चालवतो, हा खुर्ची झटकतो आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारतो.

माझेही दिवस भरले. खिळा सैल झाला, आकडे पुसले. मी आता हवी तशी वाकते, म्हणूनच कामाची नाही. खणात पडून असते.

बायांनो, बाप्यांनो, घरात कुणाचं कोपर दुखावलं तर आधी डॉक्टरला दाखवा आणि तेलाची वाटी फळीवरच राहू द्या. हात चोळायला शिवशिवतील, जीव तुटेल. तुटू द्या. जवळ बसा, बोला, घास भरवा.

ती माउली आता तेच करते म्हणे. लेकाची दाढीही तीच करते. हात फार हलका आहे तिचा, असं ऐकते मी.