काचेपलीकडच्या सबिनाताई

सबिनाताई आधी ऐकू यायच्या, मग दिसायच्या. हिवाळ्यातल्या सकाळी गोखिवऱ्याच्या कारखान्यांवरून येणारं धुरकट ऊन आमच्या संस्थेच्या लांब बोळात तिरपं उतरलेलं असायचं, आणि त्या उन्हातून त्यांच्या रबरी सपातांची घाईची, कुठेही न थांबणारी चटचट पुढे पुढे येत राहायची. बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. चहासुद्धा त्या खिडकीशी उभ्या राहून प्यायच्या. कपाच्या कडेवर बोटं वाजत असायची आणि नजर पेशी वाढवायच्या उबवणपेटीच्या तापमानाच्या आकड्याकडे वळलेली असायची, तापलेल्या लेकराच्या कपाळाकडे आईची नजर पुन्हा पुन्हा जावी तशी.

शरीराचं हरवलेलं शरीराकडूनच परत मागायचं, हे आमच्या संस्थेचं काम. भाजलेल्या माणसाच्या निरोगी भागावरून टपालाच्या तिकिटाएवढी कातडी घ्यायची, तिच्यातल्या पेशी सुट्या करायच्या आणि गुलाबी पोषकद्रवात, अंगाच्या उबेएवढ्या उबेत त्या वाढवायच्या. तीन आठवड्यांत कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा एक पारदर्शक पदर तयार होतो. तो जखमेवर अंथरता येतो. पेशींना रविवार नसतो, सणही नसतो. त्यामुळे गणपतीत सबिनाताई कामावर यायच्या, आणि नाताळात, गुड फ्रायडेला आम्ही बाकीचे. चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून त्या थेट येत, तेव्हा केसांत भावाच्या वाडीतल्या कागड्याच्या फुलांची वेणी माळलेली असे. फुलं पहाटे दवात भिजत स्वतः खुडलेली. निर्जंतुक कक्षाच्या दाराशी ती वेणी काढून त्या एका वाटीत ठेवत, आणि मग तो सगळा बोळ दिवसभर संस्थेचा न राहता कुणाच्या तरी अंगणाचा वाटत राही.

मी त्यांच्या हाताखाली शिकले. भावाशी फोनवर बोलू लागल्या की त्यांची भाषा एकदम घरची होई, सुरांचे चढउतार बदलत, आणि एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मला त्यातलं निम्मंही कळत नसे. माझ्याशी मात्र त्या पुस्तकातल्यासारखं स्वच्छ बोलत. "मेघना, हात बघू नकोस, श्वास बघ. श्वास शांत असला की हात आपोआप शांत होतो." हे सांगताना त्यांचा स्वतःचा पाय टेबलाखाली हलत असायचा. पण एकदा का त्या काचेच्या आत गेल्या, दुहेरी हातमोजे चढवून जंतू अडवणाऱ्या हवेच्या पडद्यामागे बसल्या, की ती सगळी अस्वस्थता ओसरलेल्या भरतीसारखी कुठे तरी दूर निघून जायची. बसलेल्या सबिनाताई मी फक्त तिथेच पाहिल्या.

त्या वर्षी मार्गशीर्षात सुगंधा आली. नायगावकडच्या मिठागराच्या गावातली, चोविशीतली. स्टोव्हच्या भडक्यात तिची पाठ आणि मांड्या होरपळल्या होत्या. संस्थेच्याच रुग्णालयात ती पालथी पडून असे, आणि तिची आई आमच्या बोळातल्या बाकावर. मिठाच्या पाण्याने भेगाळलेले तळवे मांडीवर उलटे ठेवून ती काचेकडे पाहत बसायची. येणाऱ्याजाणाऱ्याला एकच विचारायची, "वाढते ना गो बाय, माज्या पोरीची कातडी?"

कातडी वाढत होती. सबिनाताई आणि मी मिळून रोज तिचा द्रव बदलत होतो. अठराव्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी उबवणपेटी उघडली. द्रव गढूळला होता. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या सुबक फरसबंदीवर बारीक, चकचकीत मणी विखुरले होते. एकातून दुसरा फुटत होता. यीस्ट, म्हणजे बुरशी. सगळ्या बाटल्यांत. जिवंत माणसाच्या उघड्या पाठीवर तो पदर घालणं आता शक्य नव्हतं.

आमचे संचालक साठे सर आवाज चढवणारे नव्हते, आणि त्याचीच भीती जास्त वाटायची. त्यांनी नोंदवही पाहिली. "शुक्रवारी शेवटचा हात कोणाचा?"

"माझा, सर," मी म्हणाले.

"हं," एवढंच ते म्हणाले.

ते दोन दिवस मी कशी जगले, ते मला नीट सांगता येणार नाही. शुक्रवारची प्रत्येक हालचाल मी मनात पुन्हा पुन्हा करून पाहिली. घरी भांडी घासता घासता थांबून स्वतःच्या बोटांकडे पाहत राहिले. रविवारी संस्थेत गेले, तर सबिनाताई बोळात फेऱ्या घालत होत्या. केसांत फुलं नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, वळायचं, पुन्हा तसंच. मला पाहून त्या थांबल्या, काही बोलणार असं वाटलं, आणि मग पुन्हा चालू लागल्या. मला वाटलं, त्या माझ्यावर चिडल्या आहेत.

सोमवारच्या बैठकीत सगळे बसले होते, त्या उभ्या होत्या. साठे सर गाळण्या तपासायच्या की द्रवाचा नवा साठा, असं काही विचारत असताना सबिनाताईंनी आपला उजवा हात टेबलावर ठेवला. तर्जनीच्या नखाची कड सुजून लाल झाली होती.

"नखुरडं आहे," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवस झाले. मी सांगितलं नाही."

साठे सरांनी नोंदवही मिटली.

"सांगितलं असतं तर मला आत जाऊ दिलं नसतं. एवढं मोठं काम मेघनाला एकटीला जमलं नसतं, असं मला वाटलं. दोन-दोन हातमोजे आहेत, काय होतंय, असंही वाटलं. गुरुवारी दोन्ही हातमोज्यांना बारीक छिद्र पडलं होतं, ते मी बाहेर आल्यावर पाहिलं. तेव्हाही बोलले नाही." मग त्या माझ्याकडे वळल्या. "शनिवारी बोलायला हवं होतं. दोन दिवस मी तुला जळत ठेवलं."

नखाचा नमुना तपासला. तेच यीस्ट होतं.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटला तो संताप, इतका की मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही. आणि त्या संतापाच्या तळाशी एक लाजिरवाणी शंका होती: त्यांच्या जागी मी असते, तर सांगितलं असतं का? त्या बोलल्या नसत्या, तर कोणी कधीच शोधून काढलं नसतं. मला बोल लागला असता, मी रडले असते, आणि पुढच्या महिन्यात सगळे विसरले असते.

सुगंधाच्या आईला सांगायला साठे सर निघाले, तर सबिनाताईंनी अडवलं. "मी सांगते." मी दाराशी उभी होते. बाकासमोर त्या गुडघ्यांवर बसल्या.

"मावशी, वाढलेली कातडी टाकून द्यावी लागली. माझ्या हातून चूक झाली. माझ्या बोटाला बुरशी होती, ती मी लपवली."

म्हातारीला समजायला वेळ लागला. "म्हंजे आता परत पयल्यापासून?"

"हो. सुरुवातीच्या थोड्या पेशी आम्ही गोठवून ठेवल्यात, त्यातून वाढवू. तीन आठवडे लागतील. तोवर दात्याच्या कातडीनं जखम झाकून ठेवतील."

"तीन आठवडं ती पालथी कशी ऱ्हाल? तिला पानी पाजताना मान वर करता येत नाय."

म्हातारी उठली, आपली पिशवी उचलली आणि बोळाच्या पार दुसऱ्या टोकाच्या बाकावर जाऊन बसली.

दुसरा पदर माझ्या हातांनी वाढला. सबिनाताईंना आत प्रवेश नव्हता. त्या काचेबाहेर उभ्या राहत, बोलण्याच्या यंत्राचं बटण दाबून. "डावीकडून. हळू. थांब." पहिले काही दिवस मी फक्त "हो" म्हणत असे. नाताळच्या दिवशीही त्या आल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच माझा श्वास आणि त्यांचा आवाज एका लयीत चालले. राग कधी विरघळला, मला कळलं नाही. आतल्या त्या शांत, गुणगुणत्या हवेत काचेपलीकडची त्यांची येरझार मला दिसत राहायची. आपलं स्थैर्य जणू माझ्या अंगावर घालून, त्या स्वतः उघड्या राहिल्या होत्या.

पदर अंथरला. बराचसा धरला; मांडीवरचा एक तुकडा धरला नाही, तिथे वण राहणार होता. सुगंधा वळून उताणी झाली, तेव्हा तिने आधी छताकडे बराच वेळ पाहिलं, असं परिचारिका म्हणाली. घरी जायच्या दिवशी तिची आई आमच्या बोळातून आली. सबिनाताईंसमोर थांबली. त्यांचा उजवा हात आपल्या भेगाळल्या तळव्यात घेऊन तिने ते बोट उलटसुलट पाहिलं.

"बरं झालं?"

सबिनाताईंनी मान डोलावली. म्हातारीने हात सोडला आणि लेकीच्या मागे निघून गेली. माफी होती की नुसती चौकशी, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

फाल्गुनात बोटाच्या तपासण्या लागोपाठ स्वच्छ आल्या आणि साठे सरांनी परवानगीच्या कागदावर सही केली. सबिनाताई कपडे बदलण्याच्या खोलीत गेल्या. झगा घातला, टोपी घातली, हातमोजे चढवले. आतून मी वाट पाहत होते. बऱ्याच वेळाने दार उघडलं ते बाहेरच्या बाजूचं; त्या काचेपलीकडेच उभ्या राहिल्या. "तुझा हात आता बसलाय," त्या यंत्रातून म्हणाल्या, "माझा श्वास मात्र मला अजून ऐकू येतो." उन्हाळ्याआधी त्यांनी नोकरी सोडली. भावाच्या वाडीत असतात; मी गेले की उभ्यानेच बोलतात, पाटाचं पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात वळवत. संस्थेबद्दल विचारत नाहीत.

कातडी दर महिन्याला स्वतःला नकळत टाकून देते, नवी होते. सुगंधाच्या पाठीवरच्या, मी वाढवलेल्या त्या पेशींपैकी आज एकही उरलेली नसेल. शरीराला असं विसरता येतं, म्हणूनच ते बरं होतं. पण माणूस निघून गेल्यावर त्याच्या जागी जे मोकळं राहतं, ते कुठल्याच उबेत भरून येत नाही. काळ त्याच्या फक्त कडा मऊ करतो, आणि आपण त्या कडांवरून बोट फिरवत राहतो.