दोन बोटांचा फरक

मासे लहान झाले होते. निदान अहवाल तरी तसं म्हणत होता, आणि अहवाल त्याने स्वतःच लिहिलेला. भांडायचं कोणाशी?

तो ज्या संस्थेत नोकरीला होता, ती देणगीदारांचा पैसा समुद्र वाचवण्याच्या कामात घालायची. खाडीवरच्या मच्छीमारांशी तिचा करार साधा होता. वर्षातले तीन महिने, पिल्लं वाढायच्या दिवसांत, खाडी बंद ठेवायची. बारीक भोकांची जाळी माळ्यावर टाकायची आणि मोठ्या भोकांची वापरायची, म्हणजे लहान मासा निसटून जाईल. नवी जाळी आणि बंदीच्या महिन्यांचा घरखर्च संस्थेकडे. मासे खरंच वाढतायत का, हे दर मंगळवारी लिलावाच्या शेडमध्ये मोजून लिहायचं.

पहिल्या वर्षी बोय मासा सरासरी सव्वीस सेंटिमीटर भरला होता. दुसऱ्या वर्षाअखेर साडेपंचवीस.

"गुरुवारी विश्वस्तांची बैठक," संचालक बाई म्हणाल्या. "दोन वर्षं खाडी बंद ठेवली आणि मासा वाढायचा सोडून आखडला. तिसऱ्या वर्षाची मदत मी कुठल्या तोंडाने मागू?"

"आकडे आहेत ते आहेत," तो म्हणाला. ऑफिसात त्याला पाठीमागे फूटपट्टी म्हणत, ते काही उगाच नाही.

पण मदत थांबली की त्याच संध्याकाळी जुनी जाळी माळ्यावरून खाली येणार, आणि एका हंगामात खाडी खरवडून निघणार, हे त्याला माहीत होतं. शिवाय नोकरी त्याची असली तरी हे काम त्याच्या बायकोचं होतं. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई. ना पगार, ना पद. मासळी विकणाऱ्या बायकांच्यात बसून, त्यांचे टोमणे खाऊन तिने त्यांना राजी केलं होतं आणि मोजायला शिकवलं होतं. तिला जाऊन चौदा महिने झाले होते. तिने उभं केलेलं आपल्या हातून बुडणार, हे त्याला सहन होत नव्हतं.

मंगळवारी तो स्वतः शेडमध्ये गेला. तिच्या मागे पहिल्यांदाच.

तिथल्या बायकांच्या पुढारणीला सगळे तोफ म्हणत. ती बोलायला लागली की बोटीवरचे लोक इंजिन बंद करून ऐकायचे.

"या भाऊजी! वाट चुकलात का?" त्याच्या बायकोला ती ताई म्हणायची, म्हणून हा भाऊजी.

"मासे लहान झालेत म्हणे."

"कोण म्हणतं?"

"आपलीच मोजणी म्हणते."

तोफने कमरेवर हात ठेवले. "अगं ऐकलंत का? मासे लहान झालेत! ताईंच्या वेळी या टोपलीत चाळीस बोय मावायचे. आता तीस घातले की शेपट्या बाहेर. मग काय टोपली आटली?"

"पण मोजता तर तुम्हीच ना?"

"मोजतो की. फळी सांगेल ते लिहितो. दोनदा फोन केला तुम्हाला, म्हटलं मासा डोळ्याला मोठा दिसतोय. तुम्ही काय म्हणालात? डोळ्यावर जाऊ नका, फळीवर जा. मग गेलो फळीवर!"

बायका खो खो हसल्या. तो खरंच तसं म्हणाला होता.

तोफने एक मासा उचलून मोजायच्या फळीवर आडवा टाकला, तोंड टोकाच्या ठोकळ्याला टेकवलं आणि शेपटीपाशी बोट ठेवलं. "साडेसव्वीस. आता हातात धरा. आहे का हा लहान?" लगेच तिने तो कागदात गुंडाळून त्याच्या पिशवीत कोंबला. "घरी न्या नि खा. हाडं वर आलीत तुमची."

"मला साफ करता येत नाही."

"इतकी वर्षं गिळता बरा येत होता! शिका आता."

घरी आल्यावर त्याने मासा ओट्यावर ठेवला. मग आतल्या खोलीत जाऊन कपाटातून बायकोची फळी काढली. ती गेल्यावर शेडमधल्या बायका भेटायला आल्या होत्या, तेव्हा त्यांनी ती धुऊन पुसून, टॉवेलात गुंडाळून आणली होती. शाई खाऱ्या पाण्यात टिकत नाही म्हणून तिने त्यावर नेलपॉलिशने लाल आकडे काढले होते. ते आकडे पाहिल्यावर त्याला ती फळी परत पाण्यात घालवेना. सुताराकडून नवी करून घेतली आणि शेडमध्ये धाडून दिली.

त्याने मासा जुन्या फळीवर ठेवला. तोंड ठोकळ्याला, शेपटी तीसवर.

मासा सरकला असेल म्हणून पुन्हा ठेवला. तीस. शिलाई मशीनच्या खणातून टेप काढून लावली. तीस.

तो चपला घालून तसाच शेडकडे निघाला. नवी फळी पालथी केली, उलटी केली, मग ठोकळ्यापाशी टेप लावली. सुताराने काम सुबक केलं होतं. लाकूड तडकू नये म्हणून त्याने स्टीलची पट्टी ठोकळ्यापासून चांगली दोन बोटं सोडून ठोकली होती. माशाचं तोंड ठोकळ्याला आणि पट्टीचा शून्य दोन बोटं पुढे. वर्षभर प्रत्येक माशाचं डोकं मोजणीत धरलंच नव्हतं.

"काय झालं?" तोफने विचारलं. त्याने दाखवलं. तिने ठोकळा आणि पट्टीच्या मधल्या जागेत स्वतःची दोन बोटं ठेवून पाहिली.

"आम्हाला वाटलं, ऑफिसातून आलीय म्हणजे बरोबरच असणार," ती म्हणाली.

"आणि मी त्यावर एक पेन्सिलसुद्धा ठेवून पाहिली नाही."

संचालक बाईंनी त्याला सांभाळून घ्यायचं ठरवलं. "सुताराची चूक असं लिहू."

"नको. शून्य ठोकळ्याला चिकटून हवा, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं."

गुरुवारी तो विश्वस्तांसमोर उभा राहिला आणि जे झालं ते सांगितलं. अध्यक्ष म्हातारे आणि कडक होते. त्यांनी एकच विचारलं, "चांगली फळी असताना नवी केलीत कशाला?"

"जुनी माझ्या बायकोने केलेली होती," तो म्हणाला. "ती ओली होऊ द्यायची नव्हती मला."

अध्यक्षांनी समोरचा कागद उगाच सरळ केला. "शंभर मासे दोन्ही फळ्यांवर मोजा," ते म्हणाले. "मी येतो बघायला. फरक प्रत्येक वेळी तेवढाच आला तर आकडे दुरुस्त होतील. नाही आला तर विषय संपला."

शनिवारी अध्यक्ष पँट दुमडून शेडमध्ये हजर. "आजोबा, जरा बाजूला," तोफ म्हणाली, "नाहीतर तुम्हालाही फळीवर घेईन." ते चक्क हसले. शंभर मासे झाले. जुन्या फळीवर आणि नव्या फळीवर, दर वेळी फरक तोच, दोन बोटांचा: साडेतीन सेंटिमीटर. म्हणजे खरी सरासरी एकोणतीस. मासा तीन सेंटिमीटर वाढला होता. अध्यक्षांनी शेवटचे दहा स्वतः मोजले आणि हात धुता धुता म्हणाले, "खाडी बंद करा."

बंदीच्या पहिल्या सकाळी खाडीच्या तोंडावर तरंगते डबे बांधलेला दोर ताणायचा होता. दोन्ही काठांवर माणसं जमली. तो तोफजवळ जाऊन उभा राहिला. काय बोलायचं ते त्याने घरून ठरवून आणलं होतं, पण ते तसं आलं नाही.

"तुमचं ऐकायला हवं होतं मी," तो म्हणाला. "आणि तुम्ही एकही मंगळवार चुकवला नाहीत. मधले मंगळवार गेले असते तर दुरुस्त तरी काय केलं असतं? फार उपकार झाले तुमचे."

"ताई दवाखान्यात होत्या तेव्हा भेटायला गेलो होतो," तोफ दोराकडे बघत म्हणाली. "म्हणाल्या, माझ्यासाठी रडायचं ते रडा, पण मंगळवारी नको. मंगळवारी मोजायचं."

त्याला हे माहीत नव्हतं. त्याला तिच्याबद्दल आता नवीन काही कळेल असं वाटलंच नव्हतं. तो मनापासून हसला आणि हसता हसता डोळे भरले, ते त्याने पुसले नाहीत.

"बघत काय राहिलात भाऊजी," तोफ ओरडली, पलीकडच्या काठाला ऐकू जाईल एवढ्याने. "ओढा!"

त्याने दोर धरला आणि सगळ्यांबरोबर ओढू लागला.